गिअरची दांडी वर की खाली?

प्रश्न : काकाजी, बाबांची जुनी शेव्हरोले पिकअप आहे. तीन गिअर, दांडी स्टिअरिंगला. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना फसते. परवा व्हरायटी चौकात भर गर्दीत अडकली. दांडी खाली फ्लोअरवर आणावी का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी बॉनेट उघडा. स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या टोकाला दोन लिव्हर आहेत. एक पहिला आणि रिव्हर्सचा, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्याचा. तिथून दोन रॉड गिअरबॉक्सकडे जातात. रॉडच्या सांध्यातले बुश (छोट्या कड्या) झिजले की न्यूट्रलमध्ये दोन्ही लिव्हर एका रेषेत येत नाहीत अन् दांडी मधेच फसते. रस्त्यात असं झालं तर इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून दोन्ही लिव्हर हातानं न्यूट्रलला आणा. (सायलेन्सरचा पाइप जवळच असतो, हात सांभाळा.) बुश बदलून रॉडची लांबी जुळवली की बहुतेकदा भागतं. माझं मत विचाराल तर इथंच थांबा.

तरीही खाली हवीच असेल, तर गिअरबॉक्स तोच चालतो. फ्लोअर शिफ्टर (खालून वर येणारी दांडी) त्यावर बसतो, नवे आखूड रॉड लागतात. खरी अडचण सीटची! पहिला आणि तिसरा गिअर मागे ओढून पडतो, तेव्हा दांडी बाकासारख्या सलग सीटला टेकते. म्हणून दांडीसाठी फ्लोअरचा पत्रा कापण्याआधी ते अंतर मोजा, लागलं तर वाकडी दांडी घ्या. मधे तिसरा माणूस बसवणं मात्र विसरा. पत्र्याच्या भोकावर रबरी बूट (दांडीभोवतीचं आवरण) घट्ट बसवा, नाहीतर मे महिन्यात इंजिनाची सगळी धग पायांवर येईल.