सिंथमधली खरखर: आधी नीट ऐक, मग खर्च कर

मित्रा, रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) वापरून केलेल्या तुझ्या सिंथमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यात, खरखर येते म्हणून नवीन डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा भाग) घ्यायला लगेच नाशिकच्या एमजी रोडला धावू नकोस. आधी खरखर कसली आहे ते ओळख.

सूर वाजवतानाच तडतड होत असेल, तर बहुधा रास्पबेरी पायचा प्रोसेसर वेळेत आवाज पुरवू शकत नाही. बफर, म्हणजे आवाज बाहेर जाण्याआधी साठवायची जागा, १२८ वरून २५६ फ्रेम (आवाजाचे नमुने) कर. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने असताना, हा उशीर जेमतेम ५.३ मिलिसेकंद, बोटांना जाणवतही नाही.

काही न वाजवताही घूं किंवा चिरचिर येते? मग संशय वीजपुरवठ्यावर आणि ग्राउंड लूपवर, म्हणजे ग्राउंडच्या तारांचा बंद वेढा तयार होण्यावर. पाय एका अ‍ॅडॉप्टरवर, अ‍ॅम्प दुसऱ्या प्लगवर, शिवाय मिडीसाठी (कोणता सूर वाजवायचा हे सांगणारे संदेश) यूएसबीने जोडलेला लॅपटॉप, अशी जोडणी असली की ग्राउंडचा वेढा पूर्ण होतो. लॅपटॉप काढ, पाय चांगल्या पॉवर बँकेवर घे आणि बॅटरीवर चालणारा स्पीकर लावून बघ. आवाज शांत झाला तर डॅक निर्दोष आहे. मग सिग्नल जाऊ देऊन ग्राउंडचा वेढा तोडणारा यूएसबी आयसोलेटर किंवा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लाव. पण अर्थिंगची पिन कधीही तोडू नकोस. घूं जाईल, पण जिवाला धोका राहील. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे शेजारी कारखान्यातल्या विजेच्या मोटारी चालत असतील तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच घे.

पाय ३ किंवा ४ चा हेडफोन जॅक वापरत असशील, तर थोडी खरखर राहणारच. तो पीडब्ल्यूएमवर चालतो, म्हणजे खऱ्या डॅकऐवजी वीज झपाट्याने चालू-बंद करून आवाज बनवतो. तेव्हा मात्र पीसीएम५१०२ या डॅक चिपचं मॉड्यूल खुशाल घे. त्याची एससीके (क्लॉक सिग्नलची) पिन ग्राउंडला जोडलेली आहे ना, एवढं बघ.