गावची जि.प. शाळा जुनी झाली म्हणून पाडावी की दुरुस्त करावी, आणि नव्या खोल्या किती मागाव्यात, हे कसं ठरवायचं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की शाळा १९६२ सालची, भिंती दगडी, वर कौलं, खोल्या चार, पहिली ते पाचवी मिळून पट ७१. राजस्थानात झालावाड जिल्ह्यात जुलै २०२५ मध्ये शाळा पडून सात मुलं गेली, तेव्हापासून पालक घाबरलेत. सरपंच म्हणतात पाडून नवी बांधू, हेडमास्तर म्हणतात दुरुस्ती होईल, आणि व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणून तुम्ही मधे सापडलात.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता होतो, आता निवृत्त आहे. शाळाखोल्या बांधल्या, दुरुस्त केल्या, पाडायचे कागदही रंगवले. त्यावरून सांगतो, इमारतीचं साल विचारून निकाल देणारा माणूस बहुतेक वेळा इमारतीत शिरलेलाच नसतो. आमच्या मराठवाड्यात तर फाईलवर ‘निजामकालीन’ एवढं लिहिलं की पुढचं कोणी वाचत नाही. आणि १९९८ ची स्लॅबची खोली म्हणजे ‘नवीन’! तिच्याखाली मुलं बसवायला कोणाच्याच पोटात गोळा येत नाही.

हे इतकं तावातावानं लिहितोय त्याला कारण माझ्या थोरल्या बहिणीचं गाव. दाजी तेव्हा सरपंच होते. त्यांचा फोन आला, “पाहुणे, एकदा येऊन शाळेवर नजर टाका, पाडायला योग्य आहे असं दोन ओळीत लिहून द्या.” तो माझा तालुका नव्हता, माझ्या सहीला तिथं काडीची किंमत नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. पण गावात सांगायला घरचा इंजिनिअर बरा.

शाळेला दोन अंगं. जुन्या अंगाला तीन खोल्या, घडीव काळा दगड, चुन्यातलं काम, हातभराहून जाड भिंती, सागवानी कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे), मंगलोरी कौलं. समोर दोन स्लॅबच्या खोल्या, नव्वदच्या दशकाच्या शेवटी कुठल्याशा हेडमधून, म्हणजे निधीच्या शीर्षातून, झालेल्या. जुन्या खोल्यांत पाणी गळत होतं हे खरं. कौलं फुटलेली, पन्हाळ गायब, एका कोपऱ्यात पिंपळ आलेला. मी दगडांमधल्या दरजेत किल्ली घालून बघितली, चुना खरवडला जाईना. ओळंबा सोडला, भिंत सरळ. मग शिडी लावून कैच्यांची टोकं बघितली. लाकूड कधीही मधे आधी जात नाही, जिथं ते भिंतीत शिरतं तिथं ओल धरून कुजतं. पेचकस खुपसत गेलो. पिंपळाखालचं एक टोक मऊ लागलं, बाकी सगळी टणक. म्हणजे एक कैची, थोडे वासे, रिपा आणि कौलं बदलायची, पिंपळ मुळासकट काढायचा, दरजा भरायच्या. काम संपलं.

मग समोर गेलो. स्लॅबला खालून नुकताच रंग दिलेला, भिंतींवर बाराखडी, पाढे, भारताचा नकाशा, सगळं ‘बोलक्या भिंती’ छाप. हातोडीच्या दांड्यानं स्लॅब ठोकत गेलो तर निम्म्या भागात आवाज पोकळ. पंख्याच्या हुकापाशी थोडं जोरात मारलं तसा पसाभर काँक्रीटचा पापुद्रा माझ्या खांद्यावर पडला. आतला दहा मिलिमीटरचा गज पेन्सिलीच्या सालीसारखा सुटत होता, गंज काढल्यावर सहाचाही राहिला नव्हता. शेजारच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून फिनॉल्फ्थॅलीनची बाटली मागवली. ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर ते टाकलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, कारण त्यात अजून अल्कली असते आणि तीच गजाला गंजापासून राखते. सातवीची पोरं भोवती जमली, त्यांना वाटलं काहीतरी प्रयोग आहे. थेंब टाकले. रंग आलाच नाही. गजापर्यंत आणि गजाच्या मागेही नाही. पोरं हिरमुसली, मी घाबरलो.

हे असं का होतं तेही सांगतो, कारण तुमच्याही शेजारच्या गावात अशा खोल्या असतील. पैसा येतो जानेवारी-फेब्रुवारीत आणि खर्च दाखवायचा ३१ मार्चच्या आत. म्हणजे स्लॅब पडणार ऐन उन्हात, गावात टँकर चालू असताना. प्यायला पाणी नाही तिथं स्लॅबवर आळी करून कोण पाणी धरणार? त्यात मातकट वाळू आणि गजाखाली काँक्रीटचं कव्हर नावाला. वर पाणी अडवणारा कोबा नाही. अशा स्लॅबला वीस-पंचवीस वर्षं म्हणजे म्हातारपणच.

संध्याकाळी समाजमंदिरात बैठक. मी सांगितलं, जुन्या खोल्या दुरुस्त करा, स्लॅबच्या दोन आजपासून बंद करा. दाजी सगळ्यांदेखत म्हणाले, “पाहुणे, किल्लारीला काय झालं ते विसरलात काय? दगडांनीच मारलं माणसांना.” झालं, बैठक तिथंच संपली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचं नाव काढलं की आमच्या भागात कोणी पुढं बोलत नाही, आणि बोलूही नये. पण त्या घरांच्या भिंती मातीत रचलेल्या, ओबडधोबड दगडाच्या होत्या. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मधे भर, आणि दोन्ही थर बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदाची हातभर माती. हादरा बसला तसे थर एकमेकांपासून सुटले आणि वरचं ओझं खाली आलं. चुन्यातल्या घडीव भिंतीवर हलकं कौलारू छप्पर हे प्रकरण वेगळं आहे. हे मी दाजींना त्या रात्री ताईच्या ओसरीवर जेवताना परत सांगितलं. ते म्हणाले, “तुमचं बरोबर असेल हो, पण दुरुस्तीला हेड कुठाय? नवीन खोल्यांना आहे.”

खरं उत्तर हे होतं. निधी कुठल्या कामाला आलाय ते बघून इमारतीचं निदान करायचं. दगडी तीन खोल्यांचं निर्लेखन झालं, म्हणजे कागदोपत्री रद्द करून त्या पाडल्या, लिलावात दगड ज्यानं घेतला त्यानं त्यातून बंगल्याचं जोतं काढलं. तीन पाडून मंजूर झाल्या दोन. आणि तो पोकळ वाजणारा स्लॅब आणखी काही वर्षं तसाच वापरला, मग एका पावसाळ्यात रातोरात मोठा तुकडा खाली आला आणि त्या खोल्यांना कुलूप लागलं. रात्र होती म्हणून निभावलं. नगर जिल्ह्यात निंबोडीला ऑगस्ट २०१७ मध्ये शाळा पडली तेव्हा ती भरलेली होती, तीन मुलं गेली. दाजी आजही लग्नाकार्यात भेटले की चारचौघांत म्हणतात, “दगडी पाडली म्हणून वाचलो.” मी ताईकडे बघून गप्प बसतो.

असो. तुमचं काय ते बघू.

पहिली गोष्ट, ‘शाळा धोकादायक’ असा प्रकार नसतो. खोली धोकादायक असते. चार खोल्यांचे चार वेगळे कागद करा. पावसाळ्यात, पाऊस चालू असताना आत जा, गळतंय कुठं त्यावर खडूनं खूण करा. भिंतीला पोट आलंय का ते ओळंब्यानं बघा. भेग दिसली तर तिच्यावर प्लास्टरनं काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी फुटली तर भेग जिवंत आहे, भिंत अजून हलतेय. काळ्या मातीवरच्या शाळांत उन्हाळ्यात भेगा उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात, तिथं दोन्ही ऋतू बघितल्याशिवाय बोलू नका. कैच्यांची टोकं, वाळवी, व्हरांड्याचे खांब बघा, आणि शौचालयाची टाकी पायाला लागून आहे का तेही.

यानंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत उपअभियंत्यांकडे पाहणीची लेखी मागणी करा. तोंडी नको. कुंभकोणमच्या आगीत २००४ साली ९४ मुलं गेली, त्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सांगितलंय की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. अर्जात तेवढं एक वाक्य घाला, साहेब लवकर येतात. आणि कोणी नुसता रिबाउंड हॅमर मारून स्लॅबला ‘उत्तम’ लिहून गेला तर मान्य करू नका. तो हातोडा फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, आणि कार्बोनेशन झालेलं, म्हणजे हवेनं अल्कली गेलेलं, जुनं काँक्रीट वरून उलट जास्त कडक लागतं. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) आणि गजाच्या गंजाची तपासणी सोबत हवी.

यू-डायसच्या, म्हणजे शाळांची माहिती सरकारला कळवायच्या, फॉर्ममध्ये प्रत्येक खोली चांगली, किरकोळ दुरुस्ती की मोठी दुरुस्ती ते भरायचं असतं. बरेच मुख्याध्यापक गेल्या वर्षीचे आकडे उतरवतात आणि मग निधी आला नाही म्हणून ओरडतात. वरच्या नियोजनात तुमच्या गावाचं तोंड म्हणजे तो फॉर्मच. तो यंदा समितीसमोर बसून भरा. तोच आकडा शाळा विकास आराखड्यातही यायला हवा, दोन कागदांत दोन आकडे असले की फाईल परत.

आता खोल्या किती. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिकला ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक, आणि प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली, शिवाय ऑफिस-स्टोअर-मुख्याध्यापक मिळून एक. म्हणजे ७१ पटाला तुमचा हिशेब तीन अधिक एक, चार. ते तुमच्याकडे आजच आहे! उद्या चारही पाडून तुम्ही सहा मागितल्या तर कोणत्याही साहेबाला त्या देता येणार नाहीत, चारसुद्धा एका वर्षात मिळतील अशी आशा धरू नका. दोन-दोन करून येतात, तोवर मुलं मंदिरात नाहीतर पत्र्याखाली.

पट आजचा बघू नका, पुढचा बघा. अंगणवाडीच्या रजिस्टरातून तीन ते सहा वयाची मुलं मोजा. किती इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसतात तेही प्रामाणिकपणे वजा करा. तुमचा भाग ऊसतोडीचा असेल तर सप्टेंबरचा पट आणि जानेवारीची हजेरी यांत मोठी दरी असते. खोल्या सप्टेंबरच्या पटावर मागा, पण हंगामी वसतिगृहाची गरज असेल तर तो वेगळा प्रस्ताव करा, वर्गखोल्यांत कोंबू नका. आणि टेपनं आतलं माप घ्या. मी एका मुलामागे अकरा चौरस फूट धरतो, फळ्यापुढची जागा आणि कपाटं सोडून. जुन्या खोल्या बऱ्याचदा नव्यांपेक्षा मोठ्या निघतात, तीही पाडल्यावर परत मिळत नाही.

पैशाचं म्हणाल तर ३१ ते १०० पटाला समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान कागदावर वर्षाला २५ हजार आहे. त्यात कौलं चाळणं, फुटकी बदलणं, पन्हाळ बसवणं थोडंथोडं होतं, दरवर्षी केलं तर. कैची बदलायची तर पंधराव्या वित्त आयोगातलं काही शिल्लक आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा, नाहीतर जिल्हा नियोजनातून दुरुस्तीचा प्रस्ताव. कंपाउंडची भिंत रोजगार हमीतून होते का ते विचारा, तिच्यासाठी शाळेचा पैसा मोडू नका.

हे सगळं वाचून दगडी शाळा म्हणजे चांगलीच असा अर्थ काढू नका. तुमच्या भिंती मातीतल्या असतील, किल्लीनं दरजेतून माती भुसभुशीत निघत असेल, भिंतीला पोट असेल किंवा छपराचं आढं खचलेलं दिसत असेल, तर पाहणीची वाटही बघू नका, त्या खोलीतून मुलं उद्याच बाहेर काढा. अशा भिंती वाचवता येतात. भिंतीत आरपार भोकं पाडून आकड्याचे गज घालून काँक्रीट भरतात, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची आडवी तुळई) आणि छपराच्या पातळीवर दोन्ही बाजूंनी जाळीचा पट्टा मारतात, पण ते काम जाणणारा मिस्त्री तालुक्यात असायला हवा आणि खर्च नव्या खोलीच्या निम्म्यावर जात असेल तर मीसुद्धा पाडा म्हणेन. तुमची शाळा मी बघितलेली नाही. १९६२ ची म्हणजे सिमेंटमधलं दगडकामही असू शकतं, तेव्हा आधी दरज उकरून बघा.

सरपंचांशी भांडू नका, गावात राहायचंय. त्यांना ग्रामसभेत इतकंच विचारा की चार पाडल्यावर किती खोल्यांची प्रशासकीय मान्यता हातात आहे. ते पत्र इतिवृत्तात जोडल्याशिवाय निर्लेखनाच्या ठरावावर समितीच्या अध्यक्षाची सही करू नका. सही तुमचीच लागते.