फिश टँकमधला पोकळ किल्ला आतून साफ कसा करायचा?

साबण अजिबात नको. तुम्ही विचारलंय की रेझीनच्या पोकळ किल्ल्याला कुजका वास यायला लागलाय, मासे दिवसभर त्यातच दडून बसतात, तर तो काढून भांड्यांच्या साबणाने आणि उकळत्या पाण्याने धुतला तर चालेल का. आत हात पोचत नाही, त्यामुळे फेस कुठल्या खाचेत राहिला ते कळत नाही, आणि साबणाचा जरासा अंशही माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतो. उकळत्या पाण्याने रेझीनचा रंग सुटतो, कधी तडाही जातो.

बाहेरून दिसणारं हिरवं शेवाळ आपण सगळे घासत बसतो. ते निरुपद्रवी आहे. खरी घाण आत असते. उरलेलं खाणं आणि माशांची विष्ठा खिडक्यांतून आत जाते, तिथे पाणी फिरत नाही, आणि साचलेला गाळ कुजून अमोनिया सुटत राहतो. गाळाचा थर जाड झाला की तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, मग हायड्रोजन सल्फाईड वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. मेलेला मासा आत अडकून राहिला असेल तरीही असाच वास मारतो, म्हणून वास अचानक वाढला असेल तर आधी मासे मोजा.

उचलण्याआधी आत टॉर्च मारून बघा. कुहली लोच (सापासारखा बारीक मासा), सकर (तोंडाने काचेला चिकटणारा मासा), छोट्या कोळंब्या दिवसा आतच असतात. किल्ला थेट बाहेर काढू नका. पाण्यातच तिरपा करा, तोंड खाली करून हळूहळू वर घ्या, म्हणजे पाण्याबरोबर मासाही खाली उतरतो. सकर मात्र घाबरला की काटे फुलवून भिंतीला घट्ट चिकटतो. त्याला ओढायचं नाही, पंख फाटतात. बादलीत टँकचंच पाणी घ्या, किल्ल्यासकट त्याला त्यात ठेवा, वर अंधार करा. थोड्या वेळाने तो आपला आपण बाहेर येतो. ब्रिसलनोज सकर पाळला असेल तर आणखी एक गोष्ट बघा: नर गुहेच्या तोंडाशी बसून पंखाने वारा घालत असेल आणि त्याच्यामागे पिवळसर-नारिंगी अंड्यांचा झुबका दिसत असेल, तर साफसफाई पुढे ढकला. पिल्लं बाहेर पडून फिरायला लागेपर्यंत त्या गुहेला हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आता धुणं. पाणी बदलताना काढलेलं टँकचं पाणी फेकू नका, त्याच बादलीत किल्ला बुडवून जोरात खळखळवा. खिडकीतून चहाच्या चोथ्यासारखा गाळ बाहेर पडेल. मग बाळाच्या बाटलीचा ब्रश आत फिरवा, अरुंद भोकांसाठी जुना टूथब्रश. कोपऱ्यातला गाळ निघत नसेल तर सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने आत पाण्याचा जोर मारा. यासाठी नळाचं पाणी वापरू नये. आपल्याकडे पुण्यात खडकवासला धरणाचं पाणी क्लोरीन घालूनच नळाला येतं, आणि किल्ल्याच्या भिंतींवर अमोनिया पचवणारे जे जिवाणू वसलेले असतात ते क्लोरीनने मरतात. ह्याच कारणासाठी फिल्टर आणि सगळ्या शोभेच्या वस्तू एकाच दिवशी धुऊ नका. आठवडाभराचं अंतर ठेवा. लहान टँकमध्ये तर हे फारच जपावं लागतं.

वाघोली, उंड्रीसारख्या भागांत बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर किल्ल्यावर पांढरे क्षार बसतात, ते ब्रशने हटत नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच फक्त टँकमध्ये रोग येऊन गेला असेल तरच. साधं, सुगंध न घातलेलं सोडियम हायपोक्लोराईट, १ भागाला १९ भाग पाणी, १० ते १५ मिनिटं, त्यानंतर नीट धुऊन अँटी-क्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) जास्त घातलेल्या पाण्यात भिजवायचं आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायचं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

एवढं करूनही वास राहिला तर किल्ला कानाशी धरून हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर तळाच्या बंद पोकळीत बारीक छिद्रातून पाणी शिरून सडलेलं आहे. ते ब्रशने कधीच निघणार नाही. खालून ड्रिलने दोन मोठी भोकं पाडा, म्हणजे पाणी खेळतं राहील, आणि भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. ते छिद्र खरवडून सिलिकॉनने बुजवणं हा दुसरा उपाय, पण बुरशीरोधक औषध नसलेलं अ‍ॅक्वेरियमचंच सिलिकॉन घ्या, आणि त्याचा आंबट वास पूर्ण गेल्याशिवाय टँकमध्ये ठेवू नका.

पुन्हा गाळ साचू नये म्हणून किल्ल्याचं तोंड फिल्टरच्या झोताकडे करा. मागच्या बाजूला भोक नसेल तर एक पाडा, किंवा हवेच्या पंपाचा दगड आत सोडा. खाणं घालताना किल्ल्याच्या डोक्यावर टाकू नका. मग दर पाणीबदलाला नुसतं सायफनच्या नळीने आतला गाळ ओढून घेतलात तरी पुरतं, बाहेर काढून ब्रश फिरवणं महिन्यातून एकदा.

नवीन काही आणणार असाल तर माझं मत मातीच्या भांड्याला. संक्रांतीला मिळणारी सुगडं, किंवा कसब्यातल्या कुंभारवाड्यातलं छोटं मडकं. न रंगवलेलं, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारं घ्या आणि वाळूत आडवं ठेवा. तोंड रुंद असतं, ब्रश सरळ तळापर्यंत जातो. न रंगवलेली भाजकी माती द्रव शोषते, म्हणून त्याला ब्लीच लावू नका.

आणि तुमच्याकडे दुकानात मिळतो तो साधा सकर असेल तर किल्ल्याच्या खिडक्या आत्ताच तपासा. तो फूटभर वाढतो. आज सहज जाणारी खिडकी काही महिन्यांत त्याच्या कमरेएवढी होते आणि तो मध्येच अडकतो. अशी खिडकी सिलिकॉनने बुजवा, नाहीतर किल्ला काढून मोठ्या तोंडाचं मडकं ठेवा.