वडोदरा महापालिकेच्या समित्या कमी केल्या तर कारभार सुधारेल का?

वडोदरा महापालिकेत समित्या फार झाल्यात, त्या निम्म्या केल्या तर कामं लवकर होतील का, असं तुम्ही विचारलंय. नुसता आकडा कमी करून फारसं हाती लागणार नाही. मंजुरी कोण देतं आणि त्या मंजुरीची तपासणी कोण करतं, हे आधी पाहा.

मोठ्या खर्चांना मंजुरी देणारी स्थायी समिती 1949च्या महापालिका कायद्यातूनच आलेली आहे. गुजरातेत तिचे सदस्य 12. तिला हात लावायचा तर गांधीनगरला, म्हणजे राज्य विधानसभेत, कायदा दुरुस्त व्हावा लागतो. विशेष समित्या मात्र त्याच कायद्याच्या कलम 30 खाली सभा, म्हणजे सगळे नगरसेवक मिळून, स्वतः ठराव करून नेमते, त्यामुळे त्या एकत्र करणं इथेच, खंडेराव मार्केटमधल्या पालिकेच्या मुख्यालयात, शक्य आहे. पाणी, गटार, पावसाळी गटार आणि रस्ते एकाच समितीकडे द्यावेत. डांबर पडल्यावर महिन्याभरात तीच गल्ली पाण्याच्या लाइनसाठी खोदली जाते, कारण दोन दरखास्ती (कामांचे प्रस्ताव) दोन टेबलांवरून येतात आणि एकमेकींना भेटतच नाहीत. ठरावात मुदतही घाला: 15 दिवसांत समितीचं मत आलं नाही तर दरखास्त मताशिवाय पुढे जाईल. मुदत नसली की 'मुलतवी' हा शब्द महिनोन्महिने चालतो.

खरा दोष मला दुसरीकडे दिसतो. मोठी कंत्राटं स्थायी समिती मंजूर करते. मुख्य लेखापरीक्षक दर आठवड्याला हिशेब तपासतो आणि सापडलेली अनियमितता कळवतो तीही स्थायी समितीलाच (कलम 105 आणि 106). ज्यांनी सही केली त्यांच्याच पुढ्यात आक्षेप! कोलकात्याच्या 1980च्या कायद्यात यासाठी वेगळी म्युनिसिपल अकाउंट्स कमिटी, म्हणजे हिशेब समिती, आहे. आपल्याकडे कायदा बदलेपर्यंत कलम 30 खाली हिशेबाची विशेष समिती नेमण्याची मागणी करा. स्थायीचा एकही सदस्य तिच्यात नको, आणि दर तीन महिन्यांनी तिने आक्षेपांची यादी सभेपुढे ठेवावी.

इंदूरसारखी मेयर-इन-कौंसिल, म्हणजे महापौराचं छोटं मंत्रिमंडळ, आणा, असंही सुचवलं जातं. तिथे महापौर थेट जनता निवडते आणि तो आपले सदस्य स्वतः नेमतो. आपला महापौर नगरसेवक निवडतात, त्यामुळे केवळ ठरावाने ती पद्धत इथे येणार नाही.

मागणीला पुरावा हवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे समित्यांची यादी, बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्तं मिळतात का, हे पालिकेने आपणहून जाहीर करायचं असतं. एका वर्षाच्या स्थायीच्या दरखास्ती घ्या आणि प्रत्येकीच्या चार तारखा वहीत उतरवा: विभागाची टिप्पणी, आयुक्तांची सही, समितीपुढे आली तो दिवस, निर्णय. कुठे अडतं ते पन्नासेक दरखास्तींतच कळेल. ऐनवेळी घेतलेले विषय वेगळ्या रंगाने लिहा. सदस्यांना ते वाचायला वेळच मिळालेला नसतो.

वॉर्ड समित्यांबद्दल: 3 लाख किंवा जास्त वस्ती असलेल्या शहरात त्या असाव्यात, असं घटनेचं कलम 243 एस सांगतं. आपल्याकडे 19 वॉर्ड, प्रत्येकी 4 नगरसेवक, म्हणून तुंबलेल्या गटाराची जबाबदारी नेमकी कुणाची, हे कुणालाच धड सांगता येत नाही. वॉर्ड समितीला दुरुस्तीसाठी स्वतःची रक्कम हवी, आणि ती अंदाजपत्रकातच धरावी लागते. कराचे दर सभेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. तेव्हा तुमचं निवेदन डिसेंबरच्या आत आयुक्त आणि स्थायीच्या अध्यक्षांकडे पोचवा आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.