आयरिश-अमेरिकन वारसा म्हणजे परेड आणि हिरवी बिअर, एवढंच का?

तुमचे तीन प्रश्न आहेत: अमेरिकेत मार्च हा आयरिश-अमेरिकन वारसा महिना म्हणून का पाळतात, गोऱ्यांना असा वेगळा मान कशाला, आणि आपल्या लोकांचा त्यांच्याशी कधी काही संबंध आला का.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. रंग गोरा असला तरी आयरिश लोकांना अमेरिकेने बराच काळ आपलं म्हटलं नव्हतं. ते कॅथलिक, गरीब आणि पडेल ते काम करणारे. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात स्थलांतरितविरोधी जमावाने कॅथलिकांची चर्चं जाळली. पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. या लोंढ्याला घाबरून अमेरिकेत 'नो नथिंग' नावाचा अख्खा पक्ष उभा राहिला.

मी फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला राहतो. माझी लोकल माल्व्हर्नजवळ ज्या भरावावरून जाते, त्या जागेला 'डफीज कट' म्हणतात. वारसा म्हणजे काय हे मला कुठल्याही परेडपेक्षा या जागेने जास्त नीट सांगितलं. १८३२ च्या उन्हाळ्यात डफी नावाच्या ठेकेदाराने बोटीतून नुकतेच उतरलेले ५७ आयरिश मजूर इथे आणले. काम रेल्वेसाठी खोदाई आणि भराव घालण्याचं. (डफी स्वतःही आयरिशच. आपल्या माणसाला राबवून घेणारा मुकादम बहुतेक वेळा आपलाच असतो.) काही आठवड्यांत कॉलरा आला आणि सगळे मेले. त्यांना रुळांच्या बाजूलाच गाडलं आणि विषय संपला. एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या जुन्या कागदांत त्याची फाइल राहिली होती, ती त्याच्या नातवांच्या हाती लागली. त्यांतले एक, विल्यम वॉटसन, इमॅक्युलाटा विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांचे जुळे भाऊ फ्रँक यांनी खोदकाम सुरू केलं. २००९ मध्ये पहिले सांगाडे सापडले. काही कवट्यांवर मारहाणीच्या खुणा होत्या. म्हणजे सगळ्यांनाच कॉलऱ्याने नेलं नसावं. रोग पसरेल या भीतीने काहींना मारून टाकलं असावं, असा संशोधकांचा संशय आहे. २०१२ मध्ये काही जणांचं रीतसर दफन झालं, एकाचे अवशेष आयर्लंडमध्ये डोनेगलला नेले. १८० वर्षांनी का होईना, मूठमाती मिळाली.

एरी कालवा, न्यू ऑर्लिन्सचा कालवा, १८६९ ला पूर्ण झालेली खंडपार रेल्वे, सगळीकडे असेच मजूर. योगदान म्हटलं की केनेडींचं नाव येतं, व्हाइट हाउसचा आराखडा करणारे जेम्स होबन येतात. ते ठीकच आहे, पण मला बायका जास्त महत्त्वाच्या वाटतात. कितीतरी मुली एकट्याने समुद्र ओलांडून आल्या आणि श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करू लागल्या. मालकिणी त्यांना सरसकट 'ब्रिजेट' म्हणत, खरं नाव काहीही असो. त्यांच्या पैशांवर गावाकडचं खंडाचं देणं फिटायचं आणि धाकट्या भावंडांचं तिकीट निघायचं. त्यांच्या मुली पुढे शहरांतल्या शाळांमध्ये शिक्षिका झाल्या. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये जन्मलेल्या कामगार नेत्या मेरी हॅरिस जोन्स, म्हणजे 'मदर जोन्स', यांनी १९०३ मध्ये गिरणीत राबणारी पोरं घेऊन फिलाडेल्फियातून थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या ऑयस्टर बे इथल्या घरापर्यंत मोर्चा नेला. रूझवेल्ट यांनी भेट नाकारली, पण बालमजुरीचा प्रश्न वर्तमानपत्रांत आलाच.

मात्र वारसा मानायचा तर त्यातलं नकोसं वाटणारंही घ्यावं लागेल. १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीवरून दंगल झाली. ३०० डॉलर भरणाऱ्या श्रीमंताला सूट होती, त्यामुळे गरिबांचा राग समजण्यासारखा होता. पण तो निघाला काळ्यांवर. जमावात आयरिश मोठ्या संख्येने होते. काळ्या लोकांना भर रस्त्यात फाशी दिली, त्यांच्या मुलांचा अनाथाश्रम जाळला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत 'चिन्यांना हाकला' म्हणत सभा गाजवणारा डेनिस कर्नीही आयर्लंडमध्येच जन्मलेला. ज्यांना कालपर्यंत दारात उभं केलं जात नव्हतं, तेच दार अडवून उभे राहिले. आपल्याकडचे इथे स्थायिक झालेले लोक नव्याने येणाऱ्यांबद्दल जे बोलतात, ते ऐकताना मला हा कर्नी हटकून आठवतो.

मार्च का? १७ मार्चला आयर्लंडचा संत सेंट पॅट्रिक याचा दिवस असतो म्हणून. न्यूयॉर्कची परेड १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याहून जुनी. वारसा महिन्याची अधिकृत घोषणा मात्र १९९१ पासूनची.

आता आपला संबंध. तो आहे, आणि चांगला घट्ट आहे. न्यूयॉर्कमधून निघणारं आयरिश क्रांतिकारक जॉन डेव्हॉय यांचं 'गेलिक अमेरिकन' हे पत्र आयर्लंडसोबत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचीही बाजू मांडायचं. १९०६ मध्ये तिथे 'पॅन-आर्यन असोसिएशन' निघाली, ती बरकतुल्ला आणि सॅम्युअल लुकास जोशी या दोघा हिंदुस्थानींनी आयरिश मित्रांच्या मदतीने काढलेली. आणि फेब्रुवारी १९२० मध्ये 'फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया' या संघटनेच्या न्यूयॉर्कमधल्या मेजवानीत आयर्लंड आणि हिंदुस्थान यांच्या समान लढ्यावर भाषण करायला उभे राहिले आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते एमन डी व्हॅलेरा, ज्यांचा जन्मही न्यूयॉर्कचाच.