तारखा गळाल्या की रोग सगळीकडे पोहोचतो

प्रश्न : डुकरांच्या ने-आणीच्या वर्षभराच्या नोंदींवरून जाळे काढले. फार्म म्हणजे बिंदू, खेप म्हणजे बाण. आफ्रिकन स्वाइन फीवर (डुकरांचा विषाणूजन्य रोग) या जाळ्यावरच्या मॉडेलमध्ये कुठूनही सुरू केला तरी जवळजवळ सगळ्या फार्मांवर पोहोचतो. हे खरे मानायचे का?

उत्तर : नाही. बाण एकत्र करताना तारखा गळाल्या असणार. ‘अ’कडून ‘ब’कडे खेप 12 तारखेला आली आणि ‘ब’कडून ‘क’कडे 9 तारखेलाच गेली होती, तर या वाटेने ‘अ’चा रोग ‘क’ला लागूच शकत नाही. वर्षाच्या जाळ्यात मात्र ही वाट उघडी दिसते. मॉडेल दिवसागणिक चालवा. बाजारात डुकरे सकाळी येऊन दुपारी निघतात, तिथे आवक आधी आणि जावक नंतर धरा.

खेपेतली संख्याही हवी. फार्मवर 5 टक्के डुकरे बाधित असतील, तर 20 डुकरांच्या खेपेत निदान एक बाधित असण्याची शक्यता सुमारे 64 टक्के. 2 डुकरांच्या खेपेत 10 टक्क्यांहून कमी. अर्थात हे गणित डुकरे सरमिसळ उचलली असे धरते. प्रत्यक्षात खेप एक-दोन कप्प्यांतून भरली जाते, आणि लागणही कप्प्याकप्प्यानेच पसरते.

एकच खेप पाठवणारा आणि घेणारा दोघेही नोंदवतात. तारखांत एक-दोन दिवसांचा फरक पडला की तंतोतंत जुळणी शोधणाऱ्या तपासणीला ती दुबार नोंद सापडत नाही, आणि एकच खेप दोनदा मोजली जाते.

सर्वात जास्त फसवतो तो कत्तलखाना. डुकरांचा प्रवास तिथे संपतो, ट्रकचा नाही. नीट धुऊन, निर्जंतुक करून, वाळवला नाही तर तो पुढच्या फार्मवर विषाणू नेऊ शकतो. तीन फार्मांवरून डुकरे गोळा करणाऱ्या ट्रकचेही तेच : नोंदीत कत्तलखान्याकडे जाणारे तीन स्वतंत्र बाण दिसतात, फार्म ते फार्म झालेली फेरी दिसत नाही. वाहन क्रमांक असेल तर त्या फेऱ्यांच्या बाणांचा जाळ्यात वेगळा थर करा. रानडुकरे आणि खरकट्यातले दूषित मांस नोंदवहीत येणारच नाही. ते वेगळे जोडावे लागते.

प्रश्न : ज्यांचे बाण जास्त, त्याच फार्मांवर लक्ष ठेवावे का?

उत्तर : येणारे आणि जाणारे बाण वेगळे मोजा. पैदास फार्मवरून खूप खेपा जातात, पण येतात मोजक्या. वजनवाढीच्या फार्मवर खूप येतात, पण बहुतेक कत्तलखान्यातच जातात. दोन्ही बाजू जड असलेले व्यापारी आणि पिल्ले गोळा करून वाटणारे फार्म आधी तपासा.