मुळासकट

पीएच.डी.साठी गवतं सोडून ऑर्किड घेऊ का, असं तू विचारलं आहेस. तुझे मार्गदर्शक म्हणतात गवतात भवितव्य नाही, आणि तुलाही एका कणसातून दुसरं वेगळं काढता येईनासं झालंय. पहिली गोष्ट सोडून दे. दुसरीचा मला राग आला. तू पाठवलेल्या फोटोंमध्ये एकाही गवताला मूळ नाही. नुसते तुरे खुडून आणलेस, मग फरक दिसणार कुठून?

गवत मुळासकट काढायचं. खुरप्यानं, भोवतीच्या मातीसकट. ते एका पावसाळ्यापुरतं की वर्षानुवर्षं टिकणारं, हे मूळ बघूनच खात्रीनं सांगता येतं, आणि माळाची तब्येत त्या एका फरकात असते. दख्खनच्या माळावर पवन्या आणि मारवेल ही बहुवर्षायू गवतं माती धरून ठेवतात, गुरांचं पोट भरतात. चराई बेसुमार झाली की ती मागे हटतात, कुसळी माजते, आणि त्याहूनही हाल झाले की अ‍ॅरिस्टिडासारखी निकस गवतं उरतात. पावसाळ्यात रस्त्यावरून या तिन्ही अवस्थांतले माळ सारखेच हिरवे दिसतात.

मी ज्या माळावर गवतं शिकलो, तो 'पडीक' ठरवून खणला गेला. आज तिथे ग्लिरिसिडियाच्या लावलेल्या झाडांच्या रांगा आहेत. विरोध करायला गेलो तेव्हा आधीच्या लोकांनी जमवलेले नमुने काढून पाहिले. सगळे शेंडे! बुंधा नाही, मूळ नाही. इथे जुनं, जातिवंत गवत होतं हे सिद्ध करायला हातात काही नव्हतं. ती हळहळ अजून जात नाही. म्हणून तुझ्यावर चिडतोय, समजून घे.

गवताचा उपयोग काय, असं घरचे विचारतात ना? त्यांना उसाचं सांग. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथे बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड उसाचा संकर नदीकाठच्या रानटी गवताशी, सॅकॅरम स्पॉन्टेनियमशी केला. त्यातून निघालेला 'को २०५' हा उसाचा वाण १९१८ साली शेतात गेला. आज कारखान्याला जाणाऱ्या उसातही त्या रानगवताचा अंश आहे. त्या गवताकडे कोणीतरी नीट पाहिलं होतं म्हणून हे घडलं. आपली कुसळी, मारवेल, ज्वारी, मका, ऊस सगळी एकाच गणगोतातली. त्यांच्यातलं कोणतं उद्या कशाला लागेल, आज कोण सांगणार?

मलाही आयुष्यभर विचारलं, गवतात काय ठेवलंय. बढत्या उशिरा मिळाल्या, बरोबरीचे पुढे गेले. मी विषय बदलला नाही, आणि बरोबर केलं असंच आजही म्हणतो.

बाकी तुझी नजर वाईट नाही, तिला सवय नाही. भिंग घे आणि पातं जिथे खोडाच्या आवरणापासून सुटतं तो सांधा बघ. तिथे जिभली असते. कुठे पातळ पापुद्रा, कुठे नुसती केसांची झालर. भाताला ती लांब, टोकदार असते. भातातच माजणाऱ्या इकायनोक्लोआ कोलोना या तणाला ती नसतेच. तुरा यायच्या आधी रोप आणि तण वेगळं करायला एवढी खूण पुरते. आठवडाभर रोज हे कर, मग सांग मला फरक दिसत नाही म्हणून.

ऑर्किडांचं पुढच्या वर्षी बोलू. आत्ता कोकणातल्या सड्यावर जा. ग्लायफोक्लोआ ही गवतांची प्रजाती जगात फक्त आपल्या द्वीपकल्पात, तिच्या बऱ्याच जाती जांभ्याच्या कातळावरच्या मूठभर मातीत वाढतात. ऑक्टोबर सरता सरता वाळून जातात, मग मूळ हाती लागत नाही. कातळातल्या मातीत खुरपं आडवं घाल, जोर लावू नकोस, मुळं तुटतात. एका जातीचे तीन-चार नमुने घे, ठिकाण आणि तारीख तिथल्या तिथे लिही. मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे आण. धुऊन आपण दोघं बघू.